सांडोरचा ड्राय डे

२८ सप्टेंबर १९९७, रविवार

उद्यापासून मी आरोग्य खात्याचा माणूस. आधीचं सगळं पुसून टाकायचं. कुरियर, केबलवाल्याच्या वायरी ओढणं, तो टायपिंग क्लास. एकातही माझी चूक नव्हती. ती कामंच भिकार होती.

आमच्या वसई तालुक्यात मलेरिया वाढलाय, म्हणून आठ पोरापोरींना तीन आठवडे ट्रेनिंग. शेवटी त्यातल्या चौघांना सहा महिन्यांचं कंत्राट. बारावी नापास चालतो. म्हणजे सरकारला माझी किंमत कळली. घरच्यांना नाही.

बाबांनी आज ताटावर बसूनच जाहीर केलं, हे शेवटचं. निवड नाही झाली तर मुकाट्याने वालीवला गंगारामकाकांच्या कारखान्यात जायचं. गंगारामकाका पाण्याच्या पिंपांची प्लॅस्टिकची झाकणं बनवतात. पिंपंसुद्धा नाही, नुसती झाकणं. नाक्यावरची पोरं मला आधीच ‘झाकण’ म्हणतात. आता मी झाकणांच्याच कारखान्यात जायचं? डोकं फिरलं. अर्धी भाकरी टाकून उठलो. नंतर आईने परत वाढली.

आई म्हणते, पितृपक्षात कशाला सुरुवात करतोस. म्हटलं, सरकारला सांग.

संकल्प: पहाटे उठणे. रोज लिहिणे. रागावणे बंद. राग आरोग्याला वाईट.

२९ सप्टेंबर, सोमवार

उठलो साडेआठला. गजराचं घड्याळ बाबांना लग्नात मिळालेलं आहे, त्याच्याकडून काय अपेक्षा करणार.

धावत आरोग्य केंद्रात गेलो तर उद्घाटनाचे पाहुणे ठाण्याहून निघालेच नव्हते. ते येईपर्यंत खुर्च्यांवर बसून होतो. बॅनरवर मोठ्या अक्षरांत ‘प्रशिक्षन’. मी उठून सगळ्यांना चूक दाखवली. सुधाकर सर, म्हणजे आमचे मलेरियाचे इन्स्पेक्टर, म्हणाले, बस खाली, पेंटर अर्नाळ्याचा आहे, तो बोलतो तसं लिहितो.

मग नारळ. मग हार. मग पाहुण्यांचं भाषण: आरोग्यसेवक हा देशाचा कणा. मग आम्हा आठ जणांचाही गुलाब देऊन सत्कार. कशाबद्दल ते कोणी सांगितलं नाही. गुलाबाला काटे तसेच.

सिस्टर मटिल्डा म्हणून इथली जुनी नर्स आहे, पापडीची. शिकवणार खरं तर तीच. ती समोसे वाटता वाटता सरांना सगळ्यांदेखत म्हणाली, झाला एक दिवस नारळात, आता समारोपाला एक जाईल. मधे काय शिकवू मी यांना, डासांचं बारसं? सर हसले. सिस्टर हसली नाही. मला ती बाई पहिल्याच दिवशी पटली. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, बाळा, शर्टाची बटणं खालीवर लागलीत, आजारी आहेस का. मग नाही पटली.

पहिल्या रांगेत हेमांगी नावाची मुलगी. सांडोरची, वाडीवाल्यांची. सगळं लिहून घेते. पाहुण्यांचं भाषणसुद्धा लिहून घेतलं. अशा माणसांमुळे देश मागे आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

मायक्रोस्कोप एक, आम्ही आठ. त्याचा दिवा गेलेला. सिस्टरने तो खिडकीत ठेवून आरशाने ऊन पकडलं. माझा नंबर आला आणि ढग आला. मलेरियाचा जंतू दिसला का विचारलं, मी म्हटलं दिसला. माझी पापणी दिसली होती. पण दोष कोणाचा? दिव्याला पैसे नाहीत, गुलाबाला आहेत!

दुपारी पाकिस्तानची मॅच. फक्त स्कोअर बघायला नवघरच्या टीव्हीच्या दुकानापर्यंत गेलो. जिंकलो. परत आलो तर केंद्राला कुलूप. दुपारी काय शिकवलं ते हेमांगीला विचारणार नाही. स्वाभिमान म्हणून काही असतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

गांधी जयंती, सुट्टी. नाक्यावरचा सिद्धेश तोंड पाडून कट्ट्यावर बसलेला. आज ड्राय डे, सगळे बार बंद. मी त्याला तिथेच दारूवर भाषण दिलं, आरोग्य खात्याचा माणूस म्हणून. लिव्हर, संसार, आईचे अश्रू, सगळं आलं. तो उठून गेला तरी मी थांबलो नाही. केळीवाला ऐकत होता. माझ्यात काहीतरी आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

सिस्टरने होमवर्क दिला: डासांच्या अळ्या पकडून आणा. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याच्या वर आडवी पडते, दुसरी डोकं खाली करून लटकते. ओळखा, आणि सोमवारी सुक्या मातीवर ओतून टाका.

सायकलने सांडोरला गेलो. वाटेत पत्त्यांचा डाव चालू होता, तिथे जरा थांबावं लागलं. मग हेमांगीच्या वाडीत. त्यांच्याकडे बावखल आहे, पावसाचं पाणी साठवायचं तळं. तिने काठावरून पळीने पाणी काढून जॅमच्या बाटलीत भरलं. बाटली! मी बादली भरून घेतली. अभ्यास करायचा तर मोठा.

सायकलच्या हँडलला बादली लावून घरी आणली. अर्धी पँटवर सांडली. अळ्या मस्त आडव्या पडल्यात. गॅलरीत ठेवली. आई म्हणाली, ही घाण आत्ताच्या आत्ता टाक. या घरात विज्ञानाला जागा नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायची प्रॅक्टिस. एकमेकांवर. हेमांगीने मला टोचलं. मी बेशुद्ध पडलो नाही. फक्त खाली बसलो आणि थोडा आडवा झालो. नंतर मी तिला टोचायला गेलो आणि सुई माझ्याच अंगठ्यात. सिस्टर म्हणाली, बाळा, सुई पेशंटला लावायची, पगार तुला मिळतो. सगळे हसले. त्या खोलीला पंखा नाही, हात घामेजतात, हे कोण बोलणार? कोणी नाही. हसायला सगळे.

अळ्या टाकायच्या राहिल्या. टाकणार होतो. पण सिद्धेशने गरब्याचे पास आणले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

संताप!

काल गरबा जरा लांबला, त्यामुळे सकाळ माझ्या हातात नव्हती. जेवणाच्या सुट्टीला पोचलो. ठाण्याचे एक डॉक्टर येऊन पडद्यावर इंग्रजी चित्रं दाखवून गेले होते. संपलं म्हणे. माझ्यासाठी थांबता आलं नाही.

फाटकावर हेमांगी सायकलवर एक पाय टेकून उभी. तिने घाईघाईत सांगितलं: दर शनिवारी गावात ड्राय डे पाळायला लावायचा. या शनिवारी दसरा आहे, म्हणून पहिला ड्राय डे अठराला. घरोघर जायचं. भरलेलं सगळं रिकामं करायला लावायचं, धुऊन उलटं घालायचं. पिंपं, बाटल्या, काही सोडायचं नाही. ज्याचं गाव ऐकेल त्याची निवड होणार. मी पापडी घेतली, तुला सांडोर. एवढं बोलून गेली निघून. काही शंका आहे का, विचारलंसुद्धा नाही.

तरी मी आधी चक्रावलो. मलेरिया खात्याला लोकांच्या दारूशी काय देणंघेणं? मग वर्गातला तक्ता आठवला. मलेरियाचा जंतू आधी लिव्हरमध्ये जातो. दारू कुठे जाते? लिव्हरमध्ये. लागला ना हिशोब! सरकारकडे इतकी लांबची नजर आहे हे बघून राग जरा उतरला.

आणि सांडोर! तिथे घराघरात लग्नकार्याला वाइन. सगळ्यात अवघड गाव मला दिलं. मुद्दाम दिलं. पण त्यांना सिद्धेशवर केलेलं माझं भाषण माहीत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

पाटावर बाबांची पेनं, आईची विळी आणि माझ्या टोचायच्या सुयांचं पाकीट. शेजारी बादली ठेवली, तर आईने ती उचलून परत गॅलरीत आपटली.

अळ्या कमी झाल्यात. वर सालपटं तरंगतात. उपासमार असावी. थोडा पाव कुस्करून टाकला.

घरात डास मात्र भयंकर. बाबा रात्रभर टाळ्या वाजवतात आणि सकाळी माझ्याकडे बघतात. मी काय केलं? गटारं साफ करायची नाहीत आणि कर मागायला पुढे! नगरपालिकेला सडकून पत्र लिहायचं ठरवलं. मायना लिहून झाला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सांडोर मोहीम. पहिलंच घर क्लेमेंट अंकलचं. अंगणात मांडव. शनिवारी त्यांच्या मुलाचं, पीटरचं लग्न. म्हणजे बरोबर ड्राय डेच्या दिवशी! ओटीवर वाइनच्या बरण्या, खोक्यांत बाटल्या. मी आत जाऊनच सांगितलं, आरोग्य खात्याकडून आलोय, शनिवारी ड्राय डे, हे सगळं रिकामं करून उलटं घाला.

अंकल आधी हसले. मग त्यांनी त्यांच्या घरच्या बोलीत आतल्या कोणाला तरी काहीतरी सांगितलं, आणि आतूनही हसू आलं. म्हणाले, अरे पोरा, ड्राय डे गांधीजींचा होऊन गेला, हा कोणाचा? मी म्हटलं, सरकारचा, दर शनिवारी. तेव्हा हसू थांबलं. म्हणाले, कलेक्टरला सांग लग्नाला ये, एक ग्लास घे, मग आपण बोलू.

मी लिव्हर सुरू केलं. संसार, आईचे अश्रू. आईचे अश्रू ऐकून सालोमी आंटी, म्हणजे नवऱ्यामुलाची आई, बाहेर आली. तिने मला लाडू दिला आणि म्हणाली, बाबा, तू मलेरियाचा ना? मग मागे पाण्याची पिंपं भरून ठेवलीत लग्नाला, उघडीच आहेत, त्यात काय काय वळवळतंय ते तरी बघ. मी स्पष्ट सांगितलं, पाणी माझ्या विषयात येत नाही.

या लोकांना मुद्द्यावर ठेवणंच कठीण. वाइन तपासली. एक ग्लास. गोड आहे, म्हणून जास्त घातक.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आता रागवायला शिकलो. दोन दिवस घरोघर फिरतोय. नाही म्हणाले की म्हणायचं, नावं वर जातील. कुठे वर ते सांगायचं नाही. एका आजोबांनी बाटली पावलीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजीत लपवली, ती मी काढून दाखवली. ते रडकुंडीला आले. मलाही वाईट वाटलं, पण देशाच्या कण्याला वाकून चालत नाही.

गावात बातमी पसरलीय, शनिवारी लग्नात पोलीस येणार. मी म्हटलं नव्हतं. मी नाकारलंही नाही.

आज संध्याकाळी क्लेमेंट अंकलच्या दारात टेम्पो लागला. बरण्या, खोकी, सगळं भरून कुठेतरी पाठवलं. ओटी मोकळी! अंकलनी माझ्याकडे बघितलं नाही. पीटर मात्र बराच वेळ बघत होता.

गावाने ऐकलं. निवड पक्की. हेमांगीला म्हणे पापडीत अजून निम्मी घरं जुमानत नाहीत. मी तिला दोन युक्त्या सांगेन. आधी तिने विचारायला हवं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

काही लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो, कारण पुढे लोक उलटसुलट सांगतील.

क्लेमेंट अंकल हे सिस्टर मटिल्डाचे सख्खे भाऊ. हे मला कोणी सांगितलं होतं? टेम्पो गेला तो पापडीला, सिस्टरच्या घरी. ती ड्युटीवरून आली तर पलंगाखाली वाइन, देवाच्या कोनाड्याखाली वाइन, न्हाणीत खोकी. भावाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, तुझ्याच खात्याचा पोरगा आलेला, दारूबंदी करून गेला.

सकाळी ती वर्गात आली. मला उभं केलं. विचारलं, ड्राय डे म्हणजे काय? मी लिव्हरपासून सुरुवात केली. वर्गात कोणीतरी बाक आपटून हसलं. सिस्टर शांतपणे म्हणाली, पाणी. आठवड्यातून एक दिवस साठवलेलं पाणी ओतायचं, पिंप घासायचं, कोरडं करायचं, म्हणजे अळी मरते. पाणी रे बाळा. पाणी.

मग ती भडकली. पण माझ्यावर नाही, सुधाकर सरांवर. म्हणाली, वसईत ड्राय डे म्हटलं की लोक कशाकडे बघतात हे त्या ठाण्याच्या डॉक्टरला माहीत नाही, तुम्हाला तर माहीत होतं! ‘पाणी ओता’ म्हणायला काय तोंड दुखतं? एक दिवस नारळात, एक दिवस मायक्रोस्कोपचा दिवा शोधण्यात, एक दिवस इंग्रजी पडदा. पोरांना गावात सोडण्याआधी एकदा तरी कोणी विचारलं, काय सांगणार आहेस ते बोलून दाखव? वालीवच्या चाळींत घराघरात ताप आहे आणि तुम्ही उद्या मला सर्टिफिकेटं वाटायला उभी करणार! सर खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणाले, वरून आलंय तसं सांगितलं.

माझ्या मनातलंच बोलत होती. मी मान डोलावली. तेव्हा ती माझ्याकडे वळली. म्हणाली, आणि तू. सालोमीने तुला अळ्या दाखवते म्हटलं. तू लाडू खाल्लास आणि म्हणालास, पाणी माझ्या विषयात येत नाही.

हे शब्द इतके वाईट आहेत हे मला तोपर्यंत जाणवलं नव्हतं. तरी मूळ चूक शब्दाचीच. उद्या सांडोरला जाऊन सगळं निस्तरायचा हुकूम.

१८ ऑक्टोबर, शनिवार

लग्नाची सकाळ. बरण्या परत आलेल्या. क्लेमेंट अंकल कोट घालून, चर्चला निघायच्या गडबडीत. मी हात जोडून म्हटलं, अंकल, वाइन राहू दे, पिंपं रिकामी करा.

ते म्हणाले, परवा दारू नको म्हणालास, आज पाणी नको म्हणतोस. गावजेवण आहे, लोकांना काय पाजू, आशीर्वाद? मांडवातली सगळी हसली. पीटर म्हणाला, डॅडी, ह्याला आधी मांडवाबाहेर काढा. मी काही बोलणार तोच हेमांगी आली, ती शेजारच्याच आळीतली. तिने सालोमी आंटीकडून जुनं धोतर मागितलं, पिंपांतलं पाणी गाळून दुसरीकडे घेतलं, पिंपं घासली, परत भरली आणि वर कापड घट्ट बांधलं. अळ्या अंगणातल्या सुक्या मातीवर. लोक बघायला जमले. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, एवढंच होय? आमच्याकडेही ये.

एवढंच होय! मी तीन दिवस घसा फोडला त्याचं कोणाला काही नाही. गावाची मशागत मी केली, पीक तिने काढलं. गंजीवाले आजोबा भेटले. त्यांनी बाटली कोटाच्या आत धरली आणि दुसऱ्या बाजूने गेले.

दुपारी समारोप. न जाता घरी आलो. अंगात कणकण. रागाची असणार.

२० ऑक्टोबर, सोमवार

आज निवडीची यादी लागणार. थंडी भरून आली, दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजतात. मग ताप, मग घाम. मानसिक आहे. आईला म्हटलं, केंद्रात जाऊन यादी बघून ये. ती गेली. आली ती सिस्टर आणि हेमांगीला घेऊनच.

हेमांगीच्या खांद्याला नवी बॅग, खात्याची. मी विचारलं नाही. तिने माझं बोट धरलं. डोळे मिटायच्या आत टोचून झालंसुद्धा. दुखलं नाही. हाच खरा अपमान.

सिस्टर घर बघत बघत गॅलरीत गेली. आई म्हणाली, मी रोज सांगत होते हो, ऐकेल तर शप्पथ. सिस्टर बादली घेऊन आत आली. तळाशी दोन-चार अळ्या, वर फुगलेला पाव. मी पटकन विचारलं, माझा ताप ह्याच्यामुळे का? ती म्हणाली, नाही, ह्याच्यामुळे इतक्या लवकर येत नाही, तू आधीच कुठेतरी चावून घेतलंस. पण आता तुझं रक्त पिऊन जो डास शेजारी जाईल, तो ह्या बादलीत जन्मलेला असेल.

म्हणजे बादलीचा माझ्या तापाशी संबंध नाही, हे सिस्टरने स्वतः मान्य केलं. नोंद करून ठेवतो.

तिने बादली खाली नेऊन मातीवर ओतली आणि उलटी घालून ठेवली. ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

जाताना हेमांगीने आमच्या दाराच्या चौकटीवर गेरूने तारीख घातली आणि सही केली. तिच्या नोकरीचं पहिलं घर. पहिला पेशंट मी. बाबा संध्याकाळी आले, त्यांनी ती सही वाचली, चष्मा पुसून परत वाचली, आणि गंगारामकाकांना फोन लावला.

३ नोव्हेंबर, सोमवार

वालीव. पहिला दिवस. अंगात ताकद नाही, तोंड अजून गोळ्यांनी कडू.

काम: मशीनमधून आलेल्या झाकणांची कड ब्लेडने साफ करणे. सकाळपासून उभा. पंख्याचा वारा फक्त मशीनला. जेवणाच्या सुट्टीत कळलं, सांडोरहून पिंपांच्या झाकणांची ऑर्डर आलीय, आख्ख्या गावासाठी. हेमांगी घरोघर सांगत फिरली म्हणे. तिच्या लक्षात नाही आलं, पण झाकणाचा विचार सगळ्यात आधी आमच्या घरात झाला होता.

इथे फार दिवस राहणार नाही. थोडा जम बसला की आरोग्य खात्याला सविस्तर पत्र लिहिणार. ट्रेनिंगमधल्या चुका, शब्द कसे निवडावेत, गुलाब बंद करा, मायक्रोस्कोपला दिवा द्या. सिस्टरलाही एक प्रत. मायना डोक्यात तयार आहे.

आईने सकाळी निघताना सांगितलं होतं, घरच्या पिंपाला एक झाकण घेऊन ये. विसरलो.

दुपारी गंगारामकाका मशीनच्या आवाजावरून ओरडले, “झाकण!” मी ब्लेड ठेवून “ओ” दिली आणि पुढे गेलो. ते मशीनवाल्याला सांगत होते, एक तुटलं म्हणून.